आमची वाटचाल : जुनी फरशी उखडायची की घासायची

आमचा धंदा फरशीचा. वडिलांनी पुण्यात सुरू केला तेव्हा भांडवल म्हणजे एक पॉलिशचं मशीन आणि ते चालवायला एक गडी. पेठांतल्या वाड्यांत शहाबादी, नव्या सोसायट्यांत मोझॅक, 10 बाय 10 इंचाची, संगमरवरी चिप्सवाली, आणि ती बसवली की घासावीच लागायची, त्यामुळे काम भरपूर. दिवसभर घरघर, जिन्यावरून राखाडी पाणी वाहतंय, आणि खालच्या मजल्यावरचे लोक शिव्या घालतायत ते वेगळंच.

2000 नंतर व्हिट्रिफाइडची, म्हणजे भट्टीत भाजून तयारच चकचकीत येणाऱ्या टाइलची लाट आली, गुजरातमधल्या मोरबीवरून गाड्याच्या गाड्या यायला लागल्या, बसवली की चकाचक, घासायची भानगडच नाही. मशीन गोडाऊनमध्ये जाऊन पडलं. मग आम्हीपण व्हिट्रिफाइडच बसवायला लागलो, पोट चालवायचं म्हटल्यावर काय करणार.

आता गंमत बघा, मोझॅकसारखी प्रिंट मारलेली व्हिट्रिफाइड दुकानात मिळते आणि लोक घरातली खरी मोझॅक फोडून ती बसवायला सांगतात! असं गिऱ्हाईक आलं की मी आधी घर बघायला जातो, दर नंतर.

प्रभात रोडच्या बाजूला एका बंगल्यात असंच बोलावलं होतं. मुलाचं म्हणणं, काका सगळं काढून टाका, जुनाट दिसतंय. त्याची आई दारातच उभी, "अहो, घासून नाही का निघणार?" म्हटलं आधी सँपल करू. दिवाण सरकवला, तिथे 2 बाय 2 फुटाचा तुकडा घेतला, 60 नंबरचा म्हणजे जाडा घासायचा दगड मारला, बारीक भोकं रंग मिसळलेल्या सिमेंटने भरली, ते वाळू दिलं, मग 120, मग 320 असे बारीक दगड, शेवटी चमक आणायला ऑक्झॅलिक पावडर. पाणी पुसलं तर खाली हिरव्या चिप्स. मुलगा म्हणतो, "आई, ही हिरवी होती?" लहानपणापासून त्याने ती राखाडीच बघितलेली. काम मिळालं, पण उखडायचं नाही, घासायचं.

माझं सरळ मत आहे, ज्या फरशीचा रंग आतपर्यंत गेलाय ती जुनी झाली तरी शोभते. मोझॅकला वर पाच-सहा मिलिमीटरचा चिप्सचा थर असतो, कितीतरी वेळा घासली तरी संपत नाही. नक्षीच्या सिमेंट टाइल्सचंही तेच, मुंबईत भारत टाइल्सने 1922 मध्ये त्या स्वदेशी म्हणून सुरू केल्या, भट्टीत भाजत नाहीत, प्रेसमध्ये दाबून पाण्यात मुरवतात. जुन्या बिल्डिंगांत अजून पायाखाली आहेत. फक्त तिथे जाडा दगड लावायचा नाही, रंगाचा थर पातळ असतो.

उलट बाथरूममधल्या 8 बाय 8 इंचाच्या सिरॅमिक, द्राक्षाच्या घडाचं किंवा माठाचं चित्र असलेल्या, त्या काढा हो खुशाल. वरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, पापुद्र्याएवढं, ते झिजलं की करण्यासारखं काही राहत नाही. आणि फरशी ठोकून बघितल्यावर खोलीभर पोकळ वाजत असेल तर मोझॅक असली तरी मी घासायचं काम घेत नाही, ती हलणारच, कितीही चमकवा.

जुनं घर खरं तर कळकट दिसतं ते डागडुजीमुळे. मधे चार फरश्या फुटल्या, मिळेल त्या रंगाच्या बसवल्या, झालं. मॅचिंग मोझॅक आता सहज मिळत नाही, म्हणून आम्ही भिंतीतल्या फडताळाखालची किंवा लॉफ्टवरची फरशी हळूच काढून दिवाणखान्यात लावतो आणि नवीन तिकडे आत घालतो. चुन्यात बसवलेली असेल तर अख्खी निघते, सिमेंटमधली निम्मी तरी तुटतेच, त्यामुळे हे काम घाईचं नाही.

दुसरा शत्रू अ‍ॅसिड. फरशी अ‍ॅसिडने धुतली की ते चिप्समधला संगमरवर खातं, खड्डे पडतात, आणि बाई म्हणते पॉलिश टिकलं नाही. पॉलिश झाल्यावर साध्या पाण्याने पुसा.

व्हिट्रिफाइडचं काम अजून घेतो, नाही असं नाही. जुन्यावरच नवीन चिकटवायची असेल तर लेव्हल वाढते, सगळी दारं खालून कापावी लागतात, तो सुताराचा खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहून देतो. मशीन दुरुस्त करून घेतलंय, आता मुलगा चालवतो, आणि सँपलच्या तुकड्याचे पैसे आम्ही लावत नाही.