त्या ओळीतले साठ दिवस

पुढच्या महिन्याचं रोस्टर काल रात्री लागलं. 14 तारखेच्या तीन दिवसांच्या ट्रिपवर माझ्या नावाखाली फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून जे नाव आलंय, त्या माणसाला मी आयुष्यात एकदाच भेटलोय. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये, कॉफीच्या टेबलापाशी, फार तर पाच मिनिटं. पण त्याची सगळी नोकरी मला तारखेनिशी पाठ आहे. रुजू कधी झाला, घरी कधी बसवला, परत कधी बोलावला, पुन्हा कधी बसवला.

मी अमेरिकेत एका मोठ्या विमान कंपनीत कॅप्टन आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. दोन कंपन्या एक झाल्या, त्यातल्या एकीत मी होतो आणि दुसरीत तो, एवढं पुरे.

आमच्याकडची सेवाज्येष्ठता मी घरी आईच्या उदाहरणानं समजावतो. आई रत्नागिरी जिल्हा परिषदेत शिक्षिका होती. लग्नानंतर पाच वर्षांनी आंतरजिल्हा बदली मिळून ती साताऱ्याला आली आणि तिची ज्येष्ठता शून्यावर आली. दरवर्षी यादी लागली की ती बोट लावून आपलं नाव शोधायची. तिच्यामागून नोकरीला लागलेल्या मुली वर असायच्या. आमच्या धंद्यात प्रत्येक कंपनी म्हणजे असा एक वेगळा जिल्हा. वीस वर्षांचा कॅप्टन कंपनी बुडाली म्हणून दुसरीकडे गेला, तर तिथे तळाशी, फर्स्ट ऑफिसरच्या खुर्चीत. तुम्ही विमान किती छान उतरवता याचा त्या नंबराशी काडीचा संबंध नाही. आणि नंबर म्हणजे सगळं. कुठलं विमान, कॅप्टनची डावी खुर्ची की फर्स्ट ऑफिसरची उजवी, कुठल्या शहरातून उडायचं, दिवाळीला घरी की डेन्व्हरच्या हॉटेलात, आणि अर्थात पगार. एका बॅचमध्ये एकाच दिवशी लागलेल्यांचा क्रमही ठरवावा लागतो. काही कंपन्यांत वयानं, काहींत सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून. त्या आकड्यांवर माणसाची तीस वर्षं जातात.

कपात आली की यादी खालून कापली जाते. त्याला फर्लो म्हणतात. महाराष्ट्रात फर्लो म्हटलं की कैद्याची रजा आठवते. इथे तो बिनपगारी घरी बसवलेला वैमानिक. नाव यादीत राहतं, नोकरी नसते. 11 सप्टेंबर 2001 नंतर हजारो जण असे घरी बसले. कुणी घरं विकली, कुणी ट्रक चालवले, कुणी आखातात आणि आशियात उडायला गेले.

आता अशा दोन याद्या एक करायच्या. दोन पंगती उठवून एक बसवायची आणि कुणाचंही पान मागे जाऊ द्यायचं नाही, असं ते काम. होतच नाही. 2001 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए ही दुसरी विमान कंपनी घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएचे निम्म्याहून जास्त वैमानिक यादीच्या तळाला चिकटवले गेले आणि लगेच आलेल्या कपातीत तेच आधी बाहेर पडले. मिझुरीच्या दोन सिनेटरांनी त्यातून 2007 मध्ये कायदा करून घेतला: याद्या ‘न्याय्य आणि समन्यायी’ रीतीनं जोडा, जमलं नाही तर लवाद. त्याच वर्षी यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या एक झालेल्या दोन कंपन्यांच्या यादीचा निवाडा आला. वरच्या 517 जागा यूएस एअरवेजच्या वैमानिकांना, मग प्रमाणानुसार मिसळ, आणि यूएस एअरवेजचे फर्लोवरचे सगळे तळाला. नोकरीला लागून सतरा वर्षं झालेला माणूस काही महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाच्या खाली गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या वैमानिकांनी आपली युनियनच बदलली. दोन्ही गट एकाच रंगाची विमानं वर्षानुवर्षं वेगवेगळ्या याद्यांवर उडवत राहिले. शेवटची यादी लागली 2016 मध्ये, तेही पुढच्या विलीनीकरणात. लोक म्हणतात, वैमानिक पैशासाठी भांडतात. पैसा आहेच. पण रांगेत आपल्यामागे उभा असलेला माणूस एक दिवस उठून पुढे दिसतो, ते कुणालाच सोसत नाही.

आमच्या विलीनीकरणात याद्या जोडण्यासाठी दोन्ही बाजूंच्या वैमानिकांच्या मर्जर कमिट्या होत्या. आमच्या बाजूच्या कमिटीत मी होतो, कारण पुण्यात स्टॅटिस्टिक्स शिकलेला वैमानिक दुसरा मिळाला नाही. आकड्यांचं काम माझं. प्रत्येक वैमानिकाची एक ओळ: कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख, रुजू तारीख, पहिलं ट्रेनिंग, लष्करी रजा, आजारपणाची रजा, फर्लो कधी सुरू, परत बोलावणं कधी आलं, आलं तेव्हा ‘आत्ता नको’ म्हणून बायपास घेतला का. हे काम मी जीव ओतून केलं. दुसऱ्या कंपनीच्या फाइलमध्ये जन्माआधी रुजू झालेली माणसं मला सापडली. चार आठवडे दोन्ही कमिट्या रोज समोरासमोर बसलो आणि शेवटी दोघांनी सही केली, की ही माहिती मान्य, आता यावर वाद नाही.

वाद होता पद्धतीचा. ते म्हणत, रुजू तारखेनं लावा. आमच्याकडे कुणीच फर्लोवर नव्हतं. आमचं म्हणणं, विलीनीकरणाच्या दिवशी प्रत्येकानं काय आणलं ते बघा: कुठलं विमान, कुठली खुर्ची. फर्लोवरच्या माणसाकडे आणायला खुर्चीच नव्हती. वकिलाला लवादांसमोर ठेवायला एक उदाहरण हवं होतं. शेकडो फर्लोवाल्यांतून सगळ्यात स्वच्छ दिसणारी ओळ मी शोधली. 1999 ला रुजू, दोनदा फर्लो, बारा वर्षांत प्रत्यक्ष विमानात जेमतेम साडेचार वर्षं. नाव झाकलं होतं, कर्मचारी क्रमांक तेवढा ठेवला होता. वकील खूश झाले. मीही झालो होतो, हे लिहायलाच हवं.

सुनावणी हॉटेलच्या बॉलरूममध्ये होती. समोर तीन लवाद, आणि मागे कुणीही वैमानिक येऊन बसू शकत होता. ती ओळ दहा फूट पडद्यावर वीस मिनिटं होती. आमचे वकील लेझरचा ठिपका त्या रिकाम्या वर्षांवर फिरवत म्हणाले, या माणसाला करिअरची अपेक्षा ती काय असणार.

मधल्या सुटीत मी कॉफी घेत होतो. मागून एक उंच, पिकल्या केसांचा माणूस आला. सुटाच्या बाह्या आखूड पडत होत्या, मनगटं बाहेर. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. जन्मतारीख मला माहीत होती, फक्त तोच हा हे अजून कळलं नव्हतं. गळ्यात जुनं ओळखपत्र होतं, त्यावरचा क्रमांक त्यानं अंगठ्यानं माझ्यासमोर धरला.

“ती ओळ माझी आहे,” तो म्हणाला. मला वाटलं, आता आवाज चढणार. तो म्हणाला, “त्यात एक तारीख चुकलीये. पहिल्या वेळी मला नोटीस आली ती तारीख तुम्ही घेतलीत. त्यानंतरही मी साठ दिवस उडलो. शेवटचं लँडिंग शार्लटला होतं.” खिशातून लॉगबुकाच्या पानाची झेरॉक्स काढून त्यानं टेबलावर ठेवली, घडी हातानं सपाट केली आणि गेला. निकालाबद्दल, पद्धतीबद्दल एक शब्द नाही.

रात्री मी फाइल उघडली. मोठ्या कपातीआधी कायद्यानं साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यांच्या एचआरनं जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये माहिती नेताना नोटिशीची तारीखच फर्लोची तारीख म्हणून भरली होती. त्याच्या एकट्याची नव्हे, त्या अख्ख्या बॅचची. त्रेचाळीस माणसं. त्यांच्या कमिटीनं पाहिलं नाही, मी पाहिलं नाही, आणि जन्माआधी रुजू झालेले शोधून काढल्याचा मला केवढा अभिमान होता.

सकाळी कमिटीत सांगितलं. एक सहकारी म्हणाला, “चूक त्यांची, सही त्यांची, आपण कशाला?” दुसऱ्यानं विचारलं, “तू कुणाच्या बाजूचा आहेस?” ही माणसं वाईट नाहीत. वादळात यांच्यासोबत उडायला मी कधीही तयार असेन. पण यादी समोर आली की त्यांच्यातलं काहीतरी आटतं, आणि माझ्यातलंही आटलं होतं, नाहीतर ती ओळ मी निवडलीच नसती. आमच्या अध्यक्षांनी दोन तास ऐकून घेतलं आणि दुरुस्त तक्ता लवादांपुढे ठेवायला सांगितला. माझ्या मते त्या सगळ्या वर्षातलं आमच्या बाजूचं ते एकच नीट काम.

निवाड्यात लवादांनी खुर्ची आणि प्रत्यक्ष सेवेचे दिवस दोन्ही धरले. साठ दिवसांनी तो अकरा नंबर वर सरकला. त्या अकरांत आमचे चार होते आणि त्यातल्या एकानं मला फोन करून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरीही शेवटी तो माझ्या खालीच राहिला, बराच खाली. 1999 मध्ये तो जेटच्या उजव्या खुर्चीत होता तेव्हा मी फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानं पुसून तासांचे पैसे भरत होतो. निवाडा मला आजही चुकीचा वाटत नाही. फर्लोचे सगळे दिवस धरले असते तर आमची रोज उडणारी मुलं पुढच्या कपातीत घरी गेली असती. हिशोब मी पुष्कळदा करून पाहिलाय.

हिशोबात बसत नाही ती फक्त ती निवड. पडद्यावर कुणाचीही ओळ लावता आली असती. तिथे ती का होती, कुणी लावली, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ती झेरॉक्स माझ्या फ्लाइट बॅगेत आहे, लायसन्सच्या कप्प्यात. शार्लट, रनवे 36 उजवा, वारा शांत, त्याच्या बारीक अक्षरात. 14 तारखेला आमचा दुसरा लेग, म्हणजे दुसरं उड्डाण, शार्लटचंच आहे. कुठला लेग कुणी उडवायचा ते कॅप्टन ठरवतो. तो लेग त्याला द्यायचा, एवढं ठरवलंय. बाकीचं अजून ठरत नाही.