रात्री ऑक्सिजन देणारं झाड कोणतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. झोपायच्या खोलीत ठेवायला, रात्रीही ऑक्सिजन देणारं झाड कोणतं, असं मला नेहमी विचारतात. असं झाड नाही. पिंपळ घ्या, तुळस घ्या, कोरफड घ्या, अंधारात कुणीच ऑक्सिजन तयार करत नाही.

पान कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन ठेवून घेतं आणि उरलेला ऑक्सिजन सोडून देतं, अशी पुष्कळांची समजूत असते. एके काळी शास्त्रज्ञांचीही होती. १९४१ साली रुबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शैवालाला जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच, पण जास्त वजनाच्या अणूंचा प्रकार, म्हणून वेगळा ओळखता येतो) असलेलं पाणी दिलं, तर बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. म्हणजे आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन मुळात पाण्यातला! हरितद्रव्य प्रकाश पकडतं, त्या ऊर्जेवर मँगेनीज-कॅल्शियमच्या एका चिमुकल्या पुंजक्यापाशी पाण्याचे दोन रेणू फुटतात आणि ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. याहून थोर रासायनिक क्रिया सजीवसृष्टीत दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. शैवाल, गवत, वड, सगळ्यांत हीच यंत्रणा. उजेड गेला की ती थांबते. झाडाचं श्वसन मात्र रात्रभर चालू राहतं आणि त्याला ऑक्सिजन लागतो.

वनस्पतींमध्ये फरक आहे तो कार्बन मिळवण्याच्या रीतीत. भात-गहू तो थेट वापरतात. मका आणि ऊस तो आधी एका आम्लात बांधून आतल्या पेशींकडे पोचवतात, म्हणून कडक उन्हात त्यांचं काम जास्त चांगलं चालतं. निवडुंग, अननस, कोरफड आणि स्नेक प्लांट पाणी वाचवायला दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात, रात्री उघडतात, तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याची साखर करतात. गैरसमज इथूनच पसरला असावा. रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, पण त्या वेळी पाणी फुटत नाही.

आणि खोलीला या मदतीची गरजही नाही. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत सुमारे २८,००० लिटर हवा असते, त्यात जवळजवळ ६,००० लिटर ऑक्सिजन. माणूस आठ तासांच्या झोपेत त्यातला साधारण १२० लिटर वापरतो. कुंडीतलं झाड रात्री घेतं ते याच्यापुढे नगण्य, त्यामुळे झाडाने गुदमरायला होईल ही भीतीही नको. आवडेल ते झाड ठेवा, फक्त त्याला दिवसा उजेड मिळू द्या.