वाचनालयाचा डॉट सीए

कॅनडात ब्रॅम्प्टनमधल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाच्या वेबसाइटला डॉट सीए, म्हणजे .ca ने संपणारा कॅनडाचा पत्ता हवा होता. मी वर्क परमिटवर, त्यामुळे माझ्या नावावर तो मिळत नाही. डॉट सीए सांभाळणारी संस्था सीआयआरए कॅनडाशी नातं मागते. कॅनडाचा नागरिक पुण्यात बसूनही असा पत्ता घेऊ शकतो. पीआरवाल्याचा, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्याचा मात्र मागच्या 12 महिन्यांत 183 दिवसांहून जास्त मुक्काम इथे हवा. नोंदणी नसलेल्या मंडळांसाठी वेगळी वाट आहे, मला तीच पटली: किमान 80 टक्के सदस्य कॅनडात राहणारे हवेत, पदाधिकाऱ्यांचंही तसंच. मग सभासदांची वही काढली, भारतात परतलेल्या काकूंच्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली. अट जाचक वाटेल, पण मला ती रास्त वाटते. आणि पुस्तकं सगळ्यांची असताना पत्ता एकट्याच्या नावावर कशाला? आता नोंदणी मंडळाची आहे, पासवर्ड खजिनदार काकांकडेही दिलाय.