तुम्ही विचारलंत म्हणून: एकटा साक्षीदार पुरतो का?

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाबाहेर चहा घेताना असो की कुणाच्या लग्नात, प्रश्न तोच: "वकीलसाहेब, एकाच माणसाच्या सांगण्यावरून जन्मठेप?" हो, होते. साक्षीदार किती हवेत याचा आकडा कायद्यात नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १३४ हेच सांगायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३९ सांगतं. १९५७ साली वडिवेलू थेवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि अधलेमधले. पहिल्या दोघांचा निकाल सोपा. आमचं आयुष्य तिसऱ्यात जातं; तिथे दुजोरा लागतो.

उलटतपासात डगमगला नाही म्हणजे खरा, असं मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. पढवलेलाही डगमगत नाही, आणि खरा माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की तारीखसुद्धा विसरतो.

समजा, पंचवटीत रात्री साडेअकराला एकाला भोसकलं आणि ते एकानेच पाहिलं. कोर्टात तो म्हणतो, "खांबाच्या उजेडात तोंड दिसलं." पोलीस जबाबात ना खांब, ना उजेड. बचावाचा वकील विचारतो, हे पोलिसांना सांगितलं होतं का? उत्तर ठरलेलं: "सांगितलं होतं. त्यांनी का लिहिलं नाही, सांगता येणार नाही." स्टेनोच्या बोटांनाही हे वाक्य पाठ असेल. नवे वकील इथेच खूश होऊन खाली बसतात. ओमिशन, म्हणजे जबाबात नसलेली गोष्ट कोर्टात सांगणं, आलं म्हणे! आलेलं नसतं. तपासी अंमलदार साक्षीला येतो बहुधा सगळ्यांत शेवटी, तोवर बदलीही झालेली असते. साक्षीदाराने हे तुमच्यासमोर सांगितलं नव्हतं ना, हे त्याला विचारून त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं. तो एक प्रश्न राहिला तर युक्तिवादात घसा फोडून उपयोग नाही. उलट, जबाबात "अंधार होता" असेल आणि कोर्टात साक्षीदार ते नाकारत असेल, तर तेवढं वाक्य त्याला वाचून दाखवायचं, 'पोर्शन मार्क ए' अशी त्या भागावर खूण करून घ्यायची, अंमलदाराकडून ते सिद्ध करायचं. मगच त्याला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते.

शर्टाचा रंग जबाबात राहिला तर बिघडत नाही. तोंड कसं दिसलं हेच राहिलं, तर खटल्याचा पायाच गेला. एक गोष्ट खोटी म्हणून सगळी साक्ष फेकायची, हा नियम आपल्याकडे नाही. पाखडून दाणे घ्यायचे.

आरोपी अनोळखी असेल तर ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने त्याला रांगेतून ओळखायचं: एका आरोपीसाठी रांगेत निदान सहा डमी, म्हणजे इतर माणसं, वयाने-बांध्याने मिळतीजुळती. साक्षीदाराने त्याला आधीच ठाण्यात बघितलं असेल तर परेड वाया.

"म्हणजे गुन्हेगाराला सोडवायच्या वाटा!" असं म्हणाल. म्हणा. जखमी साक्षीदाराचं वजन जास्त, हे मलाही मान्य आहे. तो तिथे होता हे जखम सांगते. मारणारा कोण, हे मात्र ती सांगत नाही.

आणि तो खांब. पंचनाम्यात खांब असतो, पण त्या रात्री दिवा लागत होता का, हे महापालिकेच्या विद्युत विभागाकडून सहसा कुणी मागवत नाही. बचावाने मागवावं का? अजून ठरत नाही. दिवा चालू निघाला तर?