नुसती येते

हॉटेलच्या बाथरूममध्ये बसून लिहितेय, कारण बाहेर दोघं झोपलेत आणि लाइट लावला की चिरंजीव कुरकुरतात.

आजचा दिवस माझा होता. बाप-लेकाची ही बेसबॉल स्टेडियमांची ट्रिप, मी सोबत. निघतानाच ठरलेलं, मिलवॉकी झालं, काल इथलं रिगली झालं, परवा सेंट लुईसची मॅच, मधला हा एक दिवस बेसबॉल नाही, फक्त शिकागो, आई म्हणेल ते. मी आपली खूश.

सकाळी विलिस टॉवरला लिफ्टच्या लाइनीत आमच्या पुढे एक आजोबा होते, डोक्यावर सेंट लुईसची, म्हणजे विरोधी टीमची, लाल टोपी. शिकागोत. हिंमतच म्हणायची. चिरंजीवांच्या टोपीकडे बघून त्यांनी गप्पा सुरू केल्या, कुठली कुठली स्टेडियम झाली, पुढे कुठे, आणि मग माझ्याकडे बघून, मॉमला पण आवडतं का बेसबॉल?

"मॉम? शी जस्ट कम्स अलाँग."

झालं. आजोबा हसले, मी पण हसले, नवरा तर ऐकतच नव्हता. त्यात काही वाकडं नव्हतं हो, बॅगेत काय काय आहे ते सांगावं तसं सांगितलं चिरंजीवांनी. मॉम ना, ती नुसती येते.

103 व्या मजल्यावर काचेचा डबा बाहेर काढलाय, त्यात उभं राहायचं, खाली 412 मीटर काही नाही. लोक किंचाळत होते. मी खाली बघितलं तर नदी, पूल आणि माझ्या सँडलचा सुटत आलेला पट्टा, आणि डोक्यात तेच, नुसती म्हणजे काय? नुसता भात वाढला तर हेच दोघं केवढी कटकट करतात.

आणि काल तर. रिगली 1914 चं स्टेडियम, भिंतींवर वेल आहेत ते 1937 मध्ये लावलेले. बॉल वेलीत अडकला तर फील्डरने दोन्ही हात वर करून उभं राहायचं, बॅटरला दोन बेस मिळतात, पण शोधायला हात घातला तर खेळ चालूच. हे मी वाचलं, हे दोघं गाडीत कुठल्या तरी पिचरवरून भांडत होते तेव्हा. स्कोअरकार्डचंही, म्हणजे प्रत्येक बॅटरचं काय झालं ते चौकोनात कसं भरायचं, तेव्हाच वाचलं. काल दोघं खायला आणायला गेले आणि कार्ड-पेन्सिल माझ्या मांडीवर. मधे दोन बॅटर होऊन गेले. मी भरले ना चौकोन! दुसरा तर बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला आणि आउट झाला, तेव्हा इंग्रजी के, म्हणजे अशा आउटची खूण, उलटा काढायचा असतो, तो काढला, जरा तिरका आला. चिरंजीव परत आल्यावर कार्ड बघून म्हणतात, "बाबा, तू कधी काढलास हा?"

बाबा म्हणाला, मी नाही. आणि विषय संपला. मी बोलले का नाही कोण जाणे.

दुपारी आर्ट इन्स्टिट्यूट. 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंद इथेच बोलले होते, तो हॉल आता नाही पण बाहेर रस्त्याला त्यांच्या नावाची पाटी आहे. सहावीत वक्तृत्व स्पर्धेत मी तेच भाषण केलं होतं, दुसरा नंबर. ते सांगायला लागले तर चिरंजीवांनी दारातले ब्राँझचे सिंह दाखवले, शिकागोची टीम फायनलला गेली की यांना टोप्या घालतात म्हणे. मग सिंहांसोबत अकरा फोटो. भाषण राहिलं. चित्रं बघितली, पाय दुखले, त्याबद्दल लिहायला आत्ता जीव नाही.

नंतर ती बीन, घेवड्याच्या दाण्यासारखं भलंमोठं चकचकीत शिल्प. स्टीलच्या 168 प्लेटा जोडल्यात आणि सांधा एक दिसत नाही. बनवणारा अनीश कपूर, जन्म मुंबईचा, म्हणजे आपल्यातलाच, असं मी मोठ्याने म्हटलं आणि तीन अनोळखी लोकांनी वळून बघितलं, आमच्यातलं कुणी नाही. बीनमध्ये दोन टोप्या दिसत होत्या आणि बाजूला तीन बॅगा लटकवलेलं एक गाठोडं. ते गाठोडं मी.

आता इथे टाइल्सवर बसून आठवतंय, बाबांना गडांचं वेड होतं. दर सुट्टीत एक गड. आई पायथ्याशी देवळात बसायची, चपला आणि डबे सांभाळत, आणि आम्ही उतरलो की कुणाला कुठे खरचटलंय ते न विचारता हळद पुढे. शाळेत मैत्रिणींना मी काय सांगायचे? आईला गडांचं काही नाही गं, ती आपली नुसती येते.

शब्दन् शब्द तोच. वर मी मराठीत.

तिकडे आता सकाळ झाली असेल. फोन लावला तर काय विचारणार, तू तिथे बसून दिवसभर करायचीस काय? हसेल नुसती.

आणि खरं सांगायचं तर सातव्या इनिंगपर्यंत मला जांभया यायला लागतात. तिच्या मध्यात सगळे उठून गाणं म्हणतात तेव्हा मी पाय मोकळे करायला उठते. नाचोज मात्र मला आवडतात. म्हणजे पोरगं अगदीच चूक नाही. तरी उलटा के माझा होता.

उद्या सकाळी निघायचं, पाच तास गाडी. पेन्सिल माझ्याच पर्समध्ये आहे, टोक मोडलंय, आणि शार्पनर कुणी आणलेलं नाही. ते पण बहुतेक मीच शोधणार.