परचेसच्या फॉर्ममध्ये सेवा बसवताना

गोदामातला प्रत्यक्ष माल आणि कॉम्प्युटरमधल्या नोंदी यांचा मेळ घालून देणं हा माझा व्यवसाय. त्यातून गिऱ्हाइकाला मिळतं काय, तर चुका कमी होतात. आता न झालेली चूक कुणाला कशी दाखवायची?

एका मोठ्या कंपनीत गोदामाच्या प्रमुखांना काम पटलं, वरच्या साहेबांनीही होकार दिला. तिथवर काहीच त्रास झाला नाही. घोडं अडलं ते परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात.

व्हेंडर रजिस्ट्रेशनचा, म्हणजे पुरवठादार म्हणून नाव नोंदवण्याचा फॉर्म हातात पडला. मालाचं वर्णन, युनिट, प्रति युनिट दर, पॅकिंग, सदोष माल बदलून देण्याची अट, आणि ‘नमुना जोडा’. ‘लागू नाही’ लिहून पाठवला की फॉर्म परत. फोन केला की, “मॅडम, नमुना नाही तर आम्ही तुलना कशाशी करायची?” मी समजावून सांगायचे, पलीकडून “बरोबर आहे” यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच फॉर्म तीच लाल खूण करून परत. पालथ्या घड्यावर पाणी. मधल्या काळात गोदामाचे प्रमुख मलाच विचारत होते, “सुरुवात कधी करताय?”

चिडचीड बाजूला ठेवून सांगते, त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मालाचे दोन प्रकार मांडले: घेण्याआधी पारखता येणारा आणि वापरल्यावरच कळणारा. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी त्यात तिसरा घातला: वापरल्यावरही ज्याचा दर्जा नीट कळत नाही असा. सल्ला देणारे आपण सगळे बहुतेक या तिसऱ्या खान्यात. म्हणजे समोरचा माणूस काम विकत घेत नसतो, भरवसा विकत घेत असतो. आणि परचेसच्या माणसाला त्या भरवशाचा कागद फाइलला लावावा लागतो.

मग मी नमुना तयार केला. एकच रॅक मागून घेतला, त्यातला प्रत्येक नग मोजला आणि तक्ता केला: जागा, कॉम्प्युटरमधला आकडा, प्रत्यक्ष आकडा, फरक. एका वस्तूचा माल शेजारच्या खणात होता, तोही फोटोसकट लावला. नमुना फुकट देताना फरक दाखवा, कारण शोधून देऊ नका. कारण शोधणं हेच तर आपलं काम.

युनिटच्या रकान्यात त्यांना ‘दिवस’ हवा होता. मी मुळीच मानलं नाही. दिवसावर दर लावला की रेंगाळणाऱ्याला जास्त पैसे, आणि घासाघीसही दिवसाच्या दरावरच सुरू होते. मी ‘टप्पा’ लिहिलं: मोजणी, कारणं आणि नवी कार्यपद्धती, प्रशिक्षण, फेरमोजणी. प्रत्येकापुढे काम संपल्यावर कोणता कागद मिळेल आणि त्यावर सही कुणाची, हेही. पॅकिंगमध्ये ‘फाइल’ लिहिलं. फॉर्म पास झाला!

मधेच आठवलं म्हणून: कोटेशनमध्ये गिऱ्हाइकाची कामंही लिहा. मोजणी चालू असताना माल हलवायचा नाही, ही अट मी ठळक अक्षरात घालते. सेवेचा दर्जा निम्मा त्यांच्या माणसांच्या हातात असतो, आणि बोल मात्र आपल्याला लागतो.

पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आली म्हणून हुश्श करू नका. पहिलं बिल अकाउंट्सने अडवलं. तिथे पीओ, माल मिळाल्याची नोंद आणि बिल अशी तिन्ही कागदांची जुळणी लागते. मधला कागद द्यायचा स्टोअरने, आणि स्टोअरचे दादा म्हणाले, “गेटमधून काही आत आलंच नाही, तर एन्ट्री कशाची करू?” आपल्या जागी तेही बरोबरच. शेवटी गोदामाच्या प्रमुखांनी सेवा पूर्ण झाल्याची नोंद सिस्टिममध्ये केली तेव्हा बिल सुटलं. ती नोंद कोण करणार, हे पीओ निघायच्या आधीच विचारून घ्या, जमल्यास पीओतच लिहून घ्या.

जुन्या गिऱ्हाइकाचा संदर्भ देताना मालकापेक्षा तिथल्या स्टोअरकीपरचा नंबर द्या, अर्थात त्याला विचारून. त्याचं बोलणं जास्त पटतं.

आणि सवलत. ती मागितली गेलीच. अशा वेळी दर सोडू नये, टप्पा काढावा. ते म्हणाले, फेरमोजणी काढा. मी म्हटलं, हवं तर प्रशिक्षण तुमचं तुम्ही करा, फेरमोजणी राहील. आधीचा आणि नंतरचा फरक एकाच तक्त्यात दिसतो तो तिथेच, आणि त्यांच्या दुसऱ्या गोदामाचं काम मला तोच तक्ता दाखवून मिळालं.