सतरा मीटरांचा धडा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे पत्र आले, तेव्हा स्नेहसंमेलने, सहली आणि निरोप समारंभ यांवर माझ्यापेक्षा सरस लिहिणारे अनेक जण आहेत हे ओळखून मी एका चित्रपटाविषयी लिहायचे ठरवले. तो ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा आहे, आपल्या शाळेत तो कधीही दाखवला गेला नाही, आणि तरीही मला तो जेवढा कळला तेवढा नववीतल्या विज्ञानाच्या एका तासामुळे कळला.

तो तास वर्गात झाला नव्हता. ‘ध्वनी’ हे प्रकरण सुरू होताच सर आम्हाला मागच्या मैदानावर घेऊन गेले. मैदानाच्या टोकाला एका गोदामाची उंच, खिडकी नसलेली भिंत होती. तिच्यापासून १७ मीटरांपेक्षा थोडे अधिक अंतर मोजून त्यांनी फक्कीची रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडून व पलीकडून आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. कानात आवाजाचा ठसा सेकंदाचा दहावा भाग टिकतो, तेवढ्या वेळात आवाज जाऊन-येऊन सुमारे ३४ मीटर अंतर कापतो, म्हणून भिंत १७ मीटरांहून जवळ असेल तर प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, हे गणित आम्ही पुढे परीक्षेत लिहिले. पण कळले ते त्या रेघेवर. शेवटी शिपाईमामांनी पितळी तास आणून त्यावर एक जोरदार टोला दिला. तो भिंतीवरून असा काही परतला की पाचवीच्या वर्गाने शाळा सुटली असे समजून दप्तरे भरली.

१९८८ साली पुण्यातल्या वसतिगृहात आम्ही वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. दोन हिंदी चित्रपट झाल्यावर, पहाटे तीनच्या सुमारास, मुंबईच्या एका मित्राने आपल्या पिशवीतून ‘पिंक फ्लॉइड : लाइव्ह अॅट पॉम्पेई’ची कॅसेट काढली. प्रतीवरून काढलेली प्रत असल्याने पडद्यावर सतत पाऊस पडत होता. जागे उरलेल्या आम्हा तिघांचा पहिला प्रश्न एकच होता, की प्रेक्षक कुठे आहेत?

प्रेक्षक नव्हतेच. एड्रियन मेबन या दिग्दर्शकाने ऑक्टोबर १९७१ मध्ये बँडच्या चौघांना इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन नगरातल्या रोमन रंगमंडलात नेले होते. ख्रिस्तपूर्व ७० च्या सुमारास बांधलेले, साधारण १३५ मीटर लांबीचे आणि २०,००० माणसे बसतील एवढे हे लंबवर्तुळाकार मंडल इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले आणि खूप नंतर पुन्हा उकरून काढले गेले. १९७१ च्या उन्हाळ्यात मेबनचे पारपत्र तिथे हरवले, ते शोधायला तो संध्याकाळी परत गेला आणि निर्मनुष्य पायऱ्यांवरची शांतता ऐकून त्याला ही कल्पना सुचली. नेपल्सच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने मध्यस्थी केली म्हणून परवानगी मिळाली. चित्रीकरणाची माणसे आणि चोरून आत शिरलेली गावातली काही मुले एवढाच काय तो श्रोतृवर्ग. (त्या मुलांत आपली शाळा असती, तर पहिल्या रांगेत कोण असते हे आमच्या तुकडीला सांगायला नको.)

चित्रपट सुरू होतो तो ‘एकोज’ या तेवीस मिनिटांहून मोठ्या रचनेच्या पूर्वार्धाने, आणि संपतो तिच्या उत्तरार्धाने. एकोज म्हणजे प्रतिध्वनीच. कीबोर्डवादक रिचर्ड राइटच्या वाद्यातून एक उंच, एकटा सूर टपकन पडतो, विहिरीत खडा पडावा तसा, आणि कॅमेरा दुरून अगदी सावकाश त्या चार माणसांपर्यंत येतो. ज्या ‘मेडल’ या तबकडीवर ही रचना आहे, ती तेव्हा बाजारातही आली नव्हती. बँडला जगभर घरोघरी पोचवणारे यश अजून दीड वर्ष दूर होते, आणि म्हणूनच या चित्रपटातले वादक मला अधिक आवडतात. ते दिसतात कामगारांसारखे, उन्हात, धुळीत, आपापल्या यंत्रांशी झटणारे.

आमच्या पाहण्यात ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ ही रचना चालू असताना, बेस गिटार वाजवणारा रॉजर वॉटर्स भल्यामोठ्या काशाच्या थाळीवर टोले घालत असता आणि मला शिपाईमामा स्पष्ट दिसत असता, वीज गेली. कॅसेट आत अडकली आणि आम्ही तासभर अंधारात बसलो. पुढे वाचनात आले की खुद्द पॉम्पेईतही हेच झाले होते. लंडनहून ट्रकने आलेल्या सामग्रीला तिथली वीज पुरेना. अखेर गावातून लांबच लांब केबल ओढावी लागली आणि मोजक्या दिवसांतले काही दिवस फुकट गेले. माझा सगळा जन्म वीजवाहिन्या टाकण्यात गेल्याने, या संगीताच्या कौतुकात ती केबल टाकणाऱ्यांना कोणी वाटा देत नाही याचे मला अजून वाईट वाटते.

सरांचा तास खरा उपयोगी पडला तो ‘वन ऑफ दीज डेज’ला. वॉटर्स बेस गिटारची तार एकदाच छेडतो आणि तिचा सूर दुडक्या चालीने पुन्हा पुन्हा धावतो. हे काम ‘बिनसन एकोरेक’ या इटालियन यंत्राचे. त्यात फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज नोंदला जातो आणि काठाने ओळीत बसवलेली वाचक टोके तो क्रमाक्रमाने परत ऐकवतात. भिंत नको आणि १७ मीटरही नकोत. सगळे मैदान एका पेटीत मावते. याच तुकड्यात बहुतेक वेळ फक्त ढोलवादक निक मेसन दिसतो, कारण इतरांच्या चित्रणाची काही रिळे हरवली. त्याच्या हातातली काठी निसटते आणि तो ठेका न चुकवता दुसरी उचलतो. ती जागा मी किती वेळा मागे नेऊन पाहिली असेल याची गणती नाही.

सगळेच चांगले आहे असे मात्र नाही. कित्येक तुकडे नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाले आहेत आणि ते लगेच ओळखू येतात; कुत्रीला माइकपुढे रडायला लावणारा प्रसंग तर मी न पाहता पुढे पळवतो. १९७४ च्या आवृत्तीत घातलेली लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओतली दृश्ये मौजेची आहेत, पण पॉम्पेईच्या उन्हातून तिथे जाताना काहीतरी तुटते.

२०२५ मध्ये मूळ फिल्मवरून स्वच्छ केलेली नवी प्रत आली. मुलीसोबत ती पाहिली, तेव्हा पडद्यावरचा पाऊस थांबलेला होता आणि ध्वनिवर्धकांच्या मागच्या बाजूला रंगवलेली ‘पिंक फ्लॉइड, लंडन’ ही अक्षरे प्रथमच नीट वाचता आली. मुलगी मात्र रिकाम्या पायऱ्यांकडे बघत होती. तिला मी रेघेची गोष्ट सांगितली आणि तिने बसल्या जागी टाळी वाजवून पाहिली; आमच्या दिवाणखान्यात अर्थातच काही परतले नाही.

महोत्सव समितीने एखाद्या संध्याकाळी मागच्या मैदानावर, गोदामाच्या त्या भिंतीवर हा चित्रपट दाखवायचे ठरवले, तर डिस्क मी घेऊन येईन. खुर्च्या रेघेच्या पलीकडे मांडाव्यात. कार्यालयापासून मैदानापर्यंत केबल ओढण्याचे काम माझ्याकडे लागले.